अदृश्य भिंतीचा निकाल

मी कमी बोलतो याचं आमच्या कोर्टात कौतुक आहे. नवीन कारकुनांना माझा दाखला देतात: बघा, काम करतात आणि गप्प बसतात. खरी गोष्ट अशी, की तिशीच्या आत मी तीनदा खोटं बोललो, तिन्ही वेळा एकाच माणसाच्या बाबतीत, आणि मग तोंड उघडायची धास्तीच बसली. त्या धास्तीला लोक शालीनता म्हणतात. म्हणोत बापडे.

तो माणूस आमच्या तालुका कोर्टात नकला विभागाचा प्रमुख होता. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक मराठी टाइपरायटर आणि मी, हंगामी टंकलेखक. त्यांना तोंडावर सगळे भाऊसाहेब म्हणत आणि पाठीमागे मांत्रिक म्हणत. तालुक्याचं नाव लिहीत नाही. काही माणसं अजून हयात आहेत, आणि त्यातली दोघं-तिघं फार प्रतिष्ठित आहेत. म्हणजे पूर्वी काय करत होती ते आता कुणी विचारत नाही.

भाऊसाहेब मूळचे बेलापूरचे. उंच, वाळलेले, बंद गळ्याचा कोट आणि काखेत छत्री. साल दुष्काळाचं. आभाळात औषधाला ढग नाही. पक्षकार खडी फोडायच्या कामावरून तसेच तारखेला येत, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी घेऊन. आणि हा गृहस्थ छत्री मिरवत कोर्टाच्या पायऱ्या चढायचा. कुणी टोमणा मारला की म्हणत, "आशेला मुदतीचा कायदा लागत नाही."

आमचं काम नकलांचं. निकालाची, हुकमाची नक्कल पक्षकाराला हवी असली की मी ती टाइप करायची, आणि मग तिची रुजुवात व्हायची. रुजुवात म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून तो ताडून पाहायचा. नुसते शब्द नाहीत, विरामचिन्हंसुद्धा वाचायची. मग दोघांनी सह्या करायच्या आणि वर 'खरी नक्कल' असा शिक्का. एकट्याची रुजुवात होत नाही, हा नियम. भाऊसाहेबांनी तीस वर्षं हे केल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही तसंच झालं होतं. हॉटेलवाल्याला सांगत, "एक चहा स्वल्पविराम साखर बेताची पूर्णविराम." संतापले की नुसतं "उद्गारचिन्ह!" म्हणत आणि खोलीबाहेर निघून जात. शिव्या त्यांना येतच नसाव्यात.

सगळ्यांना अहो-जाहो. शिपायाला, मला, जिन्याखाली झोपणाऱ्या कुत्रीलासुद्धा. "आपण जरा सरकता का?" असं विचारत आणि ती सरकायचीही. आमच्या कोर्टात कुणाच्याही विनंतीवर इतक्या लवकर अंमलबजावणी झालेली मी दुसरी पाहिली नाही.

एकदा आठवडे बाजारात एक जादूगार आला होता. त्यानं मिरजगावच्या एका व्यापाऱ्याचं मनगटी घड्याळ रुमालात घेतलं आणि नाहीसं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेब गर्दीतून पुढे झाले.

"सदर घड्याळ आता कोणाच्या ताब्यात आहे?"

"हवेत गेलं, साहेब!" जादूगार म्हणाला.

"हवा पक्षकार होऊ शकत नाही. ताबा आपल्याकडून सुटला कधी आणि तिच्याकडे गेला कधी? पंच कोण होते?"

जादूगारानं घड्याळ मुकाट्यानं काढून दिलं आणि बाडबिस्तरा गुंडाळला. लोक भाऊसाहेबांवरच चिडले. खेळ बुडवला म्हणून. ते मात्र परतताना गंभीर होते. मला म्हणाले, "अहो टंकलेखक, जादूला माझा विरोध नाही. बेकायदा जादूला आहे."

हे त्यांच्या कादंबरीचं सार होतं. हो, ते कादंबरी लिहीत. अर्थात कादंबरी हा शब्द ते वापरत नसत, 'प्रकरण' म्हणत. वर मथळा होता 'प्रजा विरुद्ध प्रधान', आणि आत प्रकरणांऐवजी निशाण्या, कोर्टात पुराव्याच्या कागदांना असतात तशा: निशाणी एक, निशाणी दोन. बाद झालेल्या कागदांच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं ते बाड लाल फडक्यात बांधलेलं असे.

त्या राज्यात जादू चालायची, पण कायद्यानं. मंत्र स्टँपावर लिहून नोंदवावा लागे. नोटीस न देता केलेलं चेटूक रद्दबातल. भुताची साक्ष चाले, पण त्यानं स्वतःच्या मृत्यूचा दाखला जोडला पाहिजे. शापाची मुदत बारा वर्षं; आणि वीस वर्षं बिनतक्रार चाललेला मंत्र हा कायदाच समजावा. राजा केव्हाच मेलेला, पण प्रधानानं त्याची सावली सिंहासनावर टिकवून ठेवलेली. प्रधान विचारायचा, सावली मान डोलवायची, हुकूम निघायचा. दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सावलीला राजा नाही असं सिद्ध करायचं तर आधी राजाची परवानगी लागे.

मी तेव्हा हसायचो. मग निवडणुकीची भाषणं ऐकायला गेलो की हसू यायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ते कच्चं लिहिलेलं मी टाइप करायचो आणि मग आम्ही त्याचीही रुजुवात घ्यायचो. ते वाचत, मी बोट ठेवी. "सावलीने मान डोलावली स्वल्पविराम परंतु कोणत्या दिशेने प्रश्नचिन्ह." जगात दुसऱ्या कुठल्या कादंबरीची रुजुवात झाली असेल असं वाटत नाही. शपथेवर सांगतो, कोर्टाच्या कामात मी इतका सुखी पुन्हा कधी झालो नाही.

आता चेअरमन. एका गावच्या सोसायटीचे चेअरमन, ऊस, जीप, पांढरी टोपी. श्रीगोंद्याच्या बाजूला कुणाकुणाशी सोयरीक, म्हणजे वजन. त्यांच्या गावाला एक वस्ती होती आणि वस्तीपासून सरकारी विहिरीला जाणारी वाट चेअरमनच्या बांधावरून जायची. दुष्काळ पडला तसं चेअरमनना त्या विहिरीचं प्रेम उत्पन्न झालं. त्यांनी वाटेवर दगडी भिंत घातली आणि म्हणाले, इथं वाट कधी नव्हतीच. वस्तीच्या बायकांना अडीच कोसांचा वळसा पडू लागला. त्यातली सरूबाई नावाची एक विधवा कोर्टात आली. भिंत तात्पुरती काढावी, असा तिचा अर्ज होता.

जज्जसाहेबांनी हुकूम दिला: वाटेची नोंद कागदोपत्री दिसून येत नाही, सबब अर्ज नामंजूर. सरूबाईला अपिलासाठी नक्कल हवी होती. भाऊसाहेबांनी मूळ हुकूम दोनदा वाचला.

"बिनचूक आहे," ते म्हणाले. "इतका बिनचूक हुकूम मी पाहिला नाही. कागदावर पाय दिसत नाहीत म्हणून वाट नाही. उद्गारचिन्ह."

आणि त्या आठवड्यात निशाणी एक्केचाळीस उतरली. प्रधानानं मंत्राने नदीभोवती अदृश्य भिंत उभी केली आहे. प्रजा तहानलेली. प्रधानाचा बचाव असा, की भिंत कुणालाच दिसत नाही, तर पंचनामा कशाचा करणार? निशाणीच्या चौथ्या पानावर निकाल होता. तो मला आजही पाठ आहे:

"सदर भिंत दिसत असो वा नसो, ती पाण्याच्या आड येते हे शाबीत आहे. सबब ती आजपासून नाही असे समजावे. जो तिच्यापाशी थांबेल त्याने या न्यायासनाचा अवमान केला असे धरले जाईल. प्रधानाने खर्च सोसावा."

त्या दुपारी मी हेच पान टाइप करत होतो. टेबलावर डाव्या हाताला सरूबाईच्या हुकमाची नक्कल, सहा पानं, तयार. जज्जसाहेबांच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला. मी कागद यंत्रातून ओढला आणि हाताला येईल त्या गठ्ठ्यात सारला. साहेब गेले. मग मी पानं लावली. एक, दोन, तीन, चार. चार आकडा असलेली दोन पानं होती. एक नकलेत गेलं, दुसरं खाली राहिलं. कोणतं, ते बघितलं नाही.

संध्याकाळी सरूबाई दारात उभी होती. तिची एसटी निघायची होती.

"भाऊसाब, द्या की वो. गाडी चुकली तर चालत जावं लागंल मला. लई लांब हाय."

भाऊसाहेबांनी शिक्का हातात घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रुजुवात?"

मी म्हणालो, "झाली. शिपायाला घेऊन घेतली."

झाली नव्हती. कंटाळा आला होता, इतकंच. खाली राहिलेलं हुकमाचं चौथं पान मी नंतर न बघताच कादंबरीच्या गठ्ठ्यात घातलं आणि लाल फडक्याची गाठ मारली.

वस्तीवर ती नक्कल शाळामास्तरांनी पारावर मोठ्यानं वाचली. पहिली तीन पानं कुणाला कळली नाहीत, त्यामुळे हा कोर्टाचाच कागद आहे याची सर्वांची खात्री पटली. चौथं पान मात्र सगळ्यांना कळलं. प्रधान म्हणजे कोण, हे तर पोरासोरांनाही विचारावं लागलं नाही. शेवटी 'नामंजूर' होतं, ते मास्तरांनी 'भिंत नामंजूर' असं समजावून दिलं. मास्तर भला माणूस. अवमान होऊ नये म्हणून वस्तीतली एकूण एक माणसं पहारी घेऊन गेली आणि दिवसाढवळ्या, कोर्टाचा कागद काठीला बांधून, भिंत पाडून मोकळी झाली. सरूबाईनं पहिली घागर भरली.

चेअरमन फौजदारी करायला निघाले होते. पण निवडणुका तोंडावर आल्या होत्या, आणि तालुकाभर बोलबाला झालेला, की वाट खुली झाली. चेअरमननी एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी सभेत जाहीर केलं, की जनतेची तहान पाहवेना म्हणून भिंत आपण स्वतःच पाडवली. हारतुरे झाले. आता स्वतः पाडवलेल्या भिंतीबद्दल वस्तीवर खटला कसा घालणार? पण कुणाला तरी शिक्षा व्हायला हवीच होती. राहता राहिला तो कागद.

चौकशीला जिल्ह्याहून एक अधिकारी आले. जज्जसाहेबांच्या खोलीत आम्हा दोघांना उभं केलं. हंगामी टंकलेखकांना कायम करायची यादी त्याच महिन्यात निघायची होती, आणि तीत माझं नाव होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "नकलेची पानं कोण लावतं?"

मी म्हणालो, "मी फक्त टाइप करतो, साहेब. पानं भाऊसाहेबच लावतात."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा शब्द नकलेत जुळत नसला की ते बोट थांबवत आणि बघत, तसं. मग त्यांनी मान वळवली.

"शिक्का मी मारला," ते म्हणाले. "पूर्णविराम."

"आणि हा चहाटळपणा कुणी लिहिला?" सरूबाई तिचा कागद हातचा सोडत नव्हती, म्हणून अधिकाऱ्यांनी लाल फडक्यातलं त्याचं कच्चं पान हवेत धरलं आणि चिडून दोन ओळी वाचल्या.

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. तीस वर्षांत त्यांचं लिखाण पहिल्यांदाच कुणा वरिष्ठानं हातात घेतलं होतं.

"मी लिहिलं. पण आपण स्वल्पविरामाला थांबला नाहीत. पुन्हा वाचता का?"

"तुम्हाला कळतंय का काय झालंय ते?"

"कळतंय ना, साहेब. कोर्टाच्या हुकमानं भिंत राहिली, माझ्या पानानं पडली. आता यात जादू कोणती आणि कायदा कोणता, ते आपण ठरवा."

ठरलं. भाऊसाहेब निलंबित झाले, मग घरी. कादंबरी पुरावा म्हणून जप्त झाली. ती मुद्देमालाच्या खोलीत एका कोयत्याच्या आणि दोन सायकलींच्या शेजारी गेली. मी कायम झालो. त्या जिन्याखालच्या खोलीत त्यांची खुर्ची मला मिळाली. कुत्री माझ्या सांगण्यावरून कधी सरकली नाही.

पाच-एक वर्षांनी जुने कागद नाश करायची यादी निघाली. अशी निघते अधूनमधून. टाइप मीच केली. अनुक्रमांकाच्या खाली मी लिहिलं: 'लाल फडक्यातील हस्तलिखित बाड, जादूविषयक, निरुपयोगी.' 'निरुपयोगी' हा रकान्यातला ठरलेला शब्द होता. दुसरा कुठला शब्द घालता आला असता, पण मग कुणीतरी विचारलं असतं, आणि मला बोलावं लागलं असतं. कोर्टामागच्या मैदानात बाड जळलं. मी हजर होतो. नियमाप्रमाणे एक जबाबदार कर्मचारी हजर लागतो.

त्यानंतर एकदा धीर करून बेलापूरला गेलो. भाऊसाहेब बाजारात अर्ज लिहून देत. लोक सांगत, की त्यांनी लिहिलेल्या अर्जाला गुण येतो. ते घरी घेऊन गेले. वहिनींनी चहा केला.

"यांना सांगा जरा," वहिनी मला म्हणाल्या. "अंगणातल्या पालीलासुद्धा नोटीस काढतात."

भाऊसाहेब हसले. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "अहो टंकलेखक, निशाणी बेचाळीस सुचली आहे. सावली उलटी मान डोलावते. फक्त मागचा धागा बघायला हवा. मुद्देमाल सुरक्षित आहे ना?"

मी कपाकडे पाहत म्हणालो, "हो. सुरक्षित आहे."

"छान. सरकारच्या ताब्यात आहे म्हणजे काळजी नाही. घरी वाळवी फार." एवढं बोलून त्यांनी बशी ओठांना लावली. मी तिथून निघताना ते मला फाटकापर्यंत पोचवायला आले, छत्री घेऊन. पुढच्या वर्षी ते गेले. बेचाळीसचं एक पानही लिहिलं नाही, असं वहिनींनी कळवलं. मागचा धागा बघितल्याशिवाय पुढे लिहायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता.

हे सगळं मी आणखी वीस वर्षं पोटात ठेवलं असतं. ठेवता येतं, सवय होते. पण मागच्या महिन्यात माझ्या टेबलासमोर एक बाई उभी राहिली. चाळिशीची, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"नक्कल पायजे हुती, साहेब. ह्याची." तिनं पिशवीतून कागद काढला. घड्यांवर फाटलेला, कडा पिवळ्या, शिक्का निळा. मी तारीख पाहिली नाही, अक्षर ओळखलं. माझ्याच यंत्राचं, ज्याचा 'ळ' जरा वर उडायचा.

ती सरूबाईची सून होती. सरूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. आता चेअरमनच्या पोरानं पुन्हा दगड आणून टाकले होते आणि तो म्हणत होता, इथं वाट कधी नव्हतीच. घराण्याची परंपरा.

"सासूबाय म्हनायच्या, आपल्याकडं कोर्टाचा हुकूम हाय, कुनाला भ्यायचं न्हाई," ती म्हणाली. "पन ह्यो आता फाटाय लागलाय."

खोलीत आणखी कुणी नव्हतं. मी म्हणालो, "बाई, बसा. हा कोर्टाचा हुकूम नाही."

मग सगळं सांगितलं. रुजुवात घेतली नव्हती ते, पानं मी लावली ते, मैदानात जाळलं ते. ती मधेच म्हणाली, "म्हंजी कोर्टानं न्हाई म्हनलं हुतं?"

"हो."

"आन् मंग आमी सत्तावीस वर्सं पानी कशावर भरलं?"

मी चौथ्या पानावर बोट ठेवलं. तिनं ते पान माझ्या बोटाखालून ओढून घेतलं. मग तिचा आवाज चढला. "आता त्यो दगडं रचनार आन् तुमी मला ष्टोरी सांगताय व्हय!"

तिचं बरोबर होतं. आणि त्याच क्षणी मला सातवी की आठवी निशाणी आठवली. वीस वर्षं बिनतक्रार चाललेला मंत्र हा कायदाच समजावा. भाऊसाहेबांनी ते कुठून घेतलं हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता इतकी वर्षं कोर्टात घालवल्यावर कळत होतं. कायद्यातूनच घेतलं होतं.

"बाई," मी म्हणालो, "वीस वर्षं उघडपणे, न अडवता वहिवाट झाली की वाटेचा हक्क तुमचा होतो. तुम्हाला आता कोणाच्या हुकमाची गरज नाही. वहिवाटीचा दावा लावा. वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांना साक्षीला आणा. हे पान कोर्टात दाखवू नका. आणि भिंत कशी पडली असं कुणी विचारलं, तर चेअरमननी स्वतः पाडवली म्हणून सांगा. त्यांनीच भर सभेत सांगितलंय."

ती पहिल्यांदा हसली. वकिलाचं नाव मी चिठ्ठीवर लिहून दिलं. जबाब लागला तर मीही येऊन देईन म्हणालो, आणि माझं काय व्हायचं ते होवो.

निघताना ती थांबली. "तरी ह्या पानाची नक्कल द्या. कोर्टाला न्हाई. घरात असावी."

मी कोरा कागद घेतला. वर लिहिलं, 'प्रजा विरुद्ध प्रधान, निशाणी ४१, पान ४', आणि खाली भाऊसाहेबांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. बाकी पान टाइप केलं.

"शिक्का?" तिनं विचारलं.

"शिक्का मारता येत नाही. पण रुजुवात घेऊ. वाचता येतं?"

"सातवी शिकल्ये मी."

"मग तुम्ही जुनं वाचा. चिन्हंसुद्धा वाचायची."

ती फाटका कागद दोन्ही हातांनी धरून वाचू लागली. "सदर भिंत दिसत असो वा नसो... ही शेपटी कसली?"

"स्वल्पविराम."

"स्वल्पविराम," ती म्हणाली, "ती पाण्याच्या आड येते हे शाबीत आहे पूर्णविराम." मी नव्या कागदावर बोट सरकवत होतो. एकेक शब्द. प्रधानाने खर्च सोसावा पर्यंत. शेवटचा पूर्णविराम तिनं जरा मोठ्यानं म्हटला.

मग मान वर केली. "झाली का?"

"झाली," मी म्हणालो, आणि सही केली.